सॉफ्टवेअरची डिफॉल्ट सेटिंग सुधारायची आहेत, पण चालू ग्राहकाचं बिल बदलता कामा नये

दादरकर_पूर्व

नमस्कार मंडळी.

आमची दादरला छोटी कंपनी आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. ग्राहक गिरगाव-लालबागपासून विरार-बदलापूरपर्यंत पसरलेले. बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच असतं: सोसायटीच्या ऑफिसात एक संगणक, संध्याकाळी दोन तास बसणारा मॅनेजर आणि महिन्यातून दोनचार वेळा येणारे अकाउंटंट. सेटिंगच्या पडद्यावर कुणी जात नाही. पहिल्या दिवशी जे आलं, त्यावर वर्षानुवर्षं बिलं निघतात.

नव्या आवृत्तीत काही डिफॉल्ट, म्हणजे कुणी काही निवडलं नाही तर आपोआप लागू होणारी मूल्यं, बदलायची आहेत. व्याज पूर्ण महिन्याचं न लावता दिवसांवर काढायचं. बॅकअप त्याच डिस्कवर न ठेवता दुसरीकडे, कुलूपबंद ठेवायचा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड रिकामा चालू द्यायचा नाही. आणि रुपयाची गोळाबेरीज (पैसे जवळच्या पूर्ण रुपयात बसवणं) प्रत्येक बाबीवर वेगळी न करता फक्त बिलाच्या एकूण रकमेवर करायची. सगळे बदल योग्यच आहेत, नव्या ग्राहकाला पहिल्या दिवसापासून हेच मिळायला हवं.

पण गोळाबेरजेचं उदाहरण बघा. एका फ्लॅटचा सेवाशुल्क १८५०, पाणी ३१२.४०, सिंकिंग फंड १०४.४०, रिपेअर फंड ३१३.२०. जुन्या पद्धतीत प्रत्येक बाब वेगळी पूर्णांकात येते, म्हणजे १८५० + ३१२ + १०४ + ३१३ = २५७९. नव्या पद्धतीत आधी बेरीज, ती बरोबर २५८० भरते. हिशोब नवा बरोबर. पण त्या सभासदाने बँकेत दरमहा २५७९ची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवली आहे. अपग्रेडनंतर दर महिन्याला त्याच्या नावावर एक रुपया थकबाकी दिसायला लागेल, त्यावर व्याज लागेल, आणि तिमाहीच्या शेवटी नोटीस बोर्डावरच्या थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव. थकबाकीदाराला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही, हे इथे अनेकांना माहीत असेल. एका रुपयावरून इमारतीत केवढं रामायण होऊ शकतं, ते सोसायटीत राहणाऱ्याला सांगायला नको.

जुन्या ग्राहकाने ती सेटिंग कधी निवडली नव्हती, हे खरं. पण तिच्यावर त्याचे व्यवहार उभे राहिले आहेत. त्यामुळे माझं मत असं झालंय की अपग्रेडच्या वेळी जिथे काही लिहिलेलं नाही तिथे नवं मूल्य भरू नये. उलट, आजवर जे गृहीत धरून चाललं ते स्पष्ट लिहून ठेवावं, आणि मग नव्यासाठी डिफॉल्ट बदलावं. आमच्या टीममध्ये यावर दोन तट आहेत. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हे कसं हाताळतात, आणि तुमच्यापैकी जे रोज हे वापरतात त्यांना काय वाटतं, ते वाचायचं आहे.

---

माहीमची_खाडी

चांगला धागा. मी डेटाबेस सांभाळते, त्यामुळे माझी उदाहरणं तिथली.

पोस्टग्रेस या डेटाबेसने पासवर्डचं प्रकरण ज्या संयमाने हाताळलं ते शिकण्यासारखं आहे. स्क्रॅम ही पासवर्ड साठवण्याची आणि तपासण्याची सुरक्षित पद्धत १०व्या आवृत्तीत म्हणजे २०१७ साली आली, पण डिफॉल्ट जुनं एमडी५च राहिलं. २०२१ साली १४व्या आवृत्तीत डिफॉल्ट बदललं. तेव्हाही साठवलेले जुने पासवर्ड तसेच चालू राहिले. पुढच्या वेळी पासवर्ड बदलाल तेव्हा तो नव्या पद्धतीने साठवला जाईल, इतकंच. आणि लॉगिनच्या नियमांच्या फाइलमध्ये एमडी५ लिहिलेलं असलं तरी ज्याचा पासवर्ड स्क्रॅमने साठवलाय त्याला स्क्रॅमनेच तपासतात. म्हणजे एकाच सर्व्हरवर दोन्ही प्रकारचे लोक नांदू शकतात, एका रात्रीत सगळ्यांना हलवावं लागत नाही.

१५व्या आवृत्तीतही तसंच. पब्लिक स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या सगळ्यांच्या सामायिक भागात) कुणीही टेबल बनवू शकत असे, ती मुभा काढली, पण नव्याने तयार होणाऱ्या डेटाबेसपुरती. जुना डेटाबेस अपग्रेड करून आणला तर त्याच्या जुन्या परवानग्या त्याच्यासोबत येतात.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० आवृत्तीत (२०१८)ही जुन्या खात्यांना हात लावला नव्हता. पण नवं खातं उघडलं की त्याला नवी पासवर्ड पद्धत लागायची, आणि जुनी लायब्ररी वापरणारा प्रोग्राम आत शिरेना. त्यामुळे फक्त सर्व्हरचा विचार पुरत नाही. त्याच्याशी बोलणारे जे जुने प्रोग्राम आहेत त्यांची यादी आधी हवी. तुमच्या बाबतीत सभासदांच्या मोबाईल अ‍ॅपची जुनी आवृत्ती आणि बँकेकडून येणारी जमा-फाइल वाचणारा भाग, हे तपासा.

आणि एक असा प्रकार, जिथे कुणीच तुमची सेटिंग बदललेली नसते. लिनक्सची ग्लिबसी (बाकीचे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.२८ ऑगस्ट २०१८ मध्ये आली, तिच्यात अक्षरांच्या वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर (हे लिनक्सचेच प्रकार) जाताना पोस्टग्रेस तेच, डेटा तोच, पण मजकुरावरच्या इंडेक्समधला (शोधसूचीतला) क्रम जुन्या नियमांचा आणि शोध नव्या नियमांनी. नोंद समोर असून सापडत नाही, किंवा युनिक इंडेक्स (एकच नाव दोनदा येऊ न देणारी सूची) असूनही तेच नाव दुसऱ्यांदा भरलं जातं. उपाय एकच, रीइंडेक्स, म्हणजे ती सूची पुन्हा बनवणं. आता पोस्टग्रेस ती आवृत्ती नोंदवून ठेवतं आणि जुळली नाही तर इशारा देतं. म्हणून, ज्या गोष्टी गृहीत धरता त्यांत खालच्या थरातून आलेल्याही येतात, त्याही लिहून ठेवा.

---

गिरगाव_खातेवही

मी प्रोग्रामर नाही. पाच-सहा सोसायट्यांचे हिशोब बघते, म्हणजे हे सॉफ्टवेअर ज्यांच्यासाठी बनतं त्यातली मी.

दादरकर, तुमचं रुपयाचं उदाहरण वाचून बरं वाटलं, कारण ते खरंच असं होतं आणि उत्तर आम्हाला द्यावं लागतं. सभासद विचारतो, "मी काही बदललं नाही, मग बिल कसं बदललं?" त्याला "नवीन व्हर्जन आलं" हे उत्तर चालत नाही. दरात बदल झाला तर सभेचा ठराव दाखवता येतो. इथे काय दाखवू?

माझ्या दोन मागण्या आहेत.

पहिली, वेळ. ३१ मार्चला वर्ष संपतं, ऑडिट ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत. एप्रिल ते जुलै या काळात मागच्या वर्षाचे आकडे पुन्हा पुन्हा काढून ऑडिटरला द्यावे लागतात. त्या काळात हिशोबाला हात लावणारा कोणताही बदल आणू नका. छपाईचा कागद बदला, रंग बदला, चालेल.

दुसरी जास्त महत्त्वाची. मागच्या ऑक्टोबरचं बिल आज पुन्हा छापलं तर ते पैशापर्यंत तसंच यायला हवं. नवी पद्धत लावली म्हणून जुनी बिलंही नव्याने मोजली गेली तर सभासदाच्या हातातला कागद आणि माझा पडदा जुळणार नाही. सेटिंगला "चालू की बंद" इतकंच पुरत नाही, "कधीपासून" हे पाहिजे. सोसायट्यांवरच्या जीएसटीची मर्यादा दरमहा दरसभासद ५००० वरून ७५०० झाली ती २५ जानेवारी २०१८ पासून. त्या तारखेआधीच्या बिलांना जुनी मर्यादा, नंतरच्यांना नवी. दर तारखेनुसार ठेवायची सवय या सगळ्या सॉफ्टवेअरना आहेच. मग गोळाबेरजेला आणि व्याजाच्या पद्धतीला ती का नाही?

---

दादरकर_पूर्व

@माहीमची_खाडी, आभार. बँकेच्या जमा-फाइलचा मुद्दा आमच्या यादीत नव्हता, घेतला.

@गिरगाव_खातेवही, ताई, "कधीपासून" हे आमच्याकडे दरांना आहे आणि पद्धतींना नाही. व्याजाचा दर तारखेनुसार साठवतो (उपविधीप्रमाणे जास्तीत जास्त सरळव्याज २१ टक्के), पण तो कसा लावायचा ते एकाच ठिकाणी, सगळ्या काळासाठी एकच. हे बदलायलाच हवं. उद्याच टीमसमोर मांडतो.

---

कुर्ला_रात्रपाळी

थोडा विरोध नोंदवतो. जुन्याला हात लावायचा नाही, हा नियम सरसकट केलात तर रिकामा पासवर्डही जपून ठेवाल. "आजवर जे गृहीत होतं ते स्पष्ट लिहून ठेवा" म्हणजे कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) "पासवर्ड: नको" असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिणार.

मोंगोडीबी या डेटाबेसचं उदाहरण घ्या. २०१७च्या सुरुवातीला इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो डेटाबेस पुसून त्याजागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या. पासवर्ड नाही, आणि बाहेरून थेट पोहोचता येतंय, असे ते डेटाबेस होते. त्याच वर्षी ३.६ आवृत्तीत फक्त लोकलहोस्टवर (म्हणजे त्याच संगणकावरून आलेलं) ऐकायचं डिफॉल्ट सगळ्यांना लागू झालं. पण ज्याच्या कॉन्फिगमध्ये सगळे पत्ते खुले लिहिलेले होते त्याला त्या नव्या डिफॉल्टचा काय उपयोग? तुमची जपून ठेवण्याची पद्धत म्हणजे प्रत्येक जुन्या ग्राहकाच्या फाइलमध्ये ती ओळ लिहून देणं.

मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फायलींमधले मॅक्रो (फाइलच्या आतले छोटे प्रोग्राम) डिफॉल्टने अडवायचं फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. जुलैमध्ये लोकांच्या तक्रारींमुळे तात्पुरतं मागे घेतलं, माहितीची पानं सुधारली आणि त्याच महिन्यात पुन्हा लागू केलं. तो बदल जुन्या-नव्या सगळ्यांवर होता आणि तसाच असायला हवा होता. मॅक्रोमधून शिरणारा व्हायरस तुम्ही ग्राहक कधीपासूनचे आहात ते विचारत नाही. सोसायटीच्या ऑफिसातल्या त्या संगणकावर सभासदांचे फोन नंबर, भाडेकरूंचे करार, बँकेचे तपशील असतात. दार बंद करताना सगळ्यांसाठी बंद करा.

---

पवई_जुना

कुर्लाकरांशी निम्मा सहमत. पण आधी यंत्रणेबद्दल लिहितो, कारण सध्याच्या चर्चेत एक धोका दिसतोय.

प्रत्येक सेटिंगचं जुनं मूल्य वेगवेगळं लिहून ठेवलंत तर पाच वर्षांनी तुमच्याकडे वीस सेटिंग असतील आणि प्रत्येक ग्राहकाकडे त्यांचं वेगळं मिश्रण. एकाकडे व्याज नवं आणि गोळाबेरीज जुनी, दुसऱ्याकडे उलट. ही सगळी मिश्रणं तपासणार कोण? दहा दुहेरी सेटिंग म्हणजे १०२४ शक्यता.

प्रोग्रामिंगच्या जगात यावर चांगला तोडगा निघालाय: डिफॉल्टच्या संचालाच क्रमांक द्यायचा. रेल्स या वेब-प्रोग्राम बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये (तयार चौकटीत) प्रत्येक अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ असते, "लोड डिफॉल्ट्स" आणि पुढे आवृत्ती. फ्रेमवर्क नवं टाकलं तरी ती ओळ जुनी असेल तर वागणूक जुनीच. अपग्रेड करताना एक वेगळी फाइल मिळते, तिच्यात नव्या आवृत्तीतलं प्रत्येक बदललेलं डिफॉल्ट कॉमेंट करून, म्हणजे बंद ठेवून, लिहिलेलं. एकेक ओळ उघडायची, तपासायची, सगळ्या उघडून झाल्या की क्रमांक वाढवायचा आणि ती फाइल काढून टाकायची.

रस्ट भाषेत नियमांच्या एडिशन आहेत: २०१५, २०१८, २०२१, २०२४. नवा प्रकल्प उघडला की सर्वात नवी एडिशन त्यात लिहिली जाते. काहीच लिहिलेलं नसेल तर २०१५ धरतात. शांततेचा अर्थ "जुना" असा ठरवून टाकलाय, कायमचा. गो भाषेने १.२१ पासून (ऑगस्ट २०२३) प्रकल्पाच्या गो-मॉड फाइलमधल्या आवृत्तीवरून वागणूक ठरवायला सुरुवात केली. म्हणून १.२२ मध्ये लूपमधल्या (कोडच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागातल्या) व्हेरिएबलचा अर्थ बदलताना जुने प्रकल्प सुरक्षित राहिले. कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) नवा, पण फाइलमध्ये १.२१ लिहिलेलं, तर लूप जुन्या अर्थाने चालतो.

जँगो या दुसऱ्या वेब-फ्रेमवर्कने ३.२ मध्ये (एप्रिल २०२१) आणखी हलक्या हाताने काम केलं. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीचा ओळख क्रमांक) ३२ बिटांऐवजी ६४ बिटांची हवी होती. नव्या प्रकल्पाच्या सेटिंग फाइलमध्ये ६४ बिटांची ओळ आपोआप आली. जुन्यांची वागणूक तशीच, पण प्रत्येक वेळी चेतावणी: तुम्ही काही ठरवलेलं नाही, ठरवा. जुनंच ठेवायचं असेल तर तसं लिहा, चेतावणी बंद होते.

तुमच्यासाठी: प्रत्येक सोसायटीच्या फाइलमध्ये "नियमसंच" असा एक क्रमांक ठेवा. तपासायचे संच तीन-चार. कुणाला मधलं एखादं हवं असेल तर ते नोंद करून, अपवाद म्हणून.

---

मुलुंड_चेकनाका

पवई_जुना यांचा प्रतिसाद उत्तम. त्यात एक भर, आणि माझ्या मते ही सगळ्यात मोठी आहे.

तो क्रमांक कुठे ठेवणार? मी सोसायट्यांची आणि छोट्या ऑफिसांची हार्डवेअरची कामं करतो. पावसाळ्यात तळमजल्यावरचं सोसायटी ऑफिस, पाणी शिरलं, संगणक गेला. लॅमिंग्टन रोडवरून नवीन मशीन येतं, मी सॉफ्टवेअरचा ताजा सेटअप टाकतो आणि पेन ड्राइव्हवरचा बॅकअप त्यात ओततो. तुमच्या सेटअपला वाटतं की हा नवा ग्राहक आहे, कारण मशीनवर जुनं काहीच नाही. नवी डिफॉल्ट बसतात. मग जुना डेटा येतो. म्हणजे कुणी अपग्रेड हा शब्दही न उच्चारता त्या सोसायटीची पद्धत बदलली.

सेटिंग रजिस्ट्रीत (विंडोजच्या स्वतःच्या सेटिंगच्या साठ्यात) किंवा प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये असेल तर हे होणारच. क्रमांक डेटाच्या आत हवा, बॅकअपबरोबर जाणारा. आणि जुन्या बॅकअपमध्ये क्रमांकच नसेल, तर तो सर्वात जुन्या संचाचा धरा.

विम या मजकूर-संपादकाच्या ८.० आवृत्तीत (२०१६) असंच एक कोडं होतं. ज्याची स्वतःची व्हिमआरसी ही सेटिंगची फाइल नाही त्याला नवी, सोयीची डिफॉल्ट द्यायची, ज्याची आहे त्याला हात लावायचा नाही. विचार चांगला. पण वर्षानुवर्षं कोणतीही फाइल न ठेवता विम वापरणारे सर्व्हरवाले लोक त्यात नवखे ठरले. डेबियन ९ वर गेल्यावर माउसने मजकूर निवडून चिकटवणं त्यांच्याकडे बिघडलं. फाइल नाही म्हणजे माणूस नवा, हा अंदाज चुकीचा निघाला. तुमच्याकडे मात्र खात्रीची खूण आहे: डेटामध्ये एक जरी बिल काढलेलं असलं तर ग्राहक जुना.

आणि कृपा करून सेटअपच्या पडद्यावर हा प्रश्न विचारू नका. डेबियनमध्ये पॅकेज अपग्रेड होताना विचारतात, तुमची कॉन्फिग फाइल ठेवू की नवी टाकू. तिथे समोर सर्व्हर सांभाळणारा माणूस असतो, आणि नुसतं एंटर दाबलं तर त्याची जुनी फाइल राहते. सोसायटीच्या मशीनसमोर सेटअपच्या वेळी मी असतो. व्याज दिवसांवर की महिन्यावर, हे ठरवायचा मला अधिकार नाही आणि माहितीही नाही. मी "पुढे" दाबणार.

---

वांद्रे_सी

पेमेंटच्या बाजूने. डिफॉल्ट बदलणाऱ्याला मागे फिरता यायला हवं, याचं सर्वात चांगलं उदाहरण क्रोमचं आहे.

क्रोम ८० मध्ये, फेब्रुवारी २०२० ला, कुकीवर (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या नोंदीवर) सेमसाइट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून येताना ती पाठवायची का हे, लिहिलेलं नसेल तर ते "लॅक्स" धरायचं असा बदल आला. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. पण आपल्याकडचा पेमेंटचा प्रवास आठवा: दुकानाच्या साइटवरून गेटवेवर, तिथून बँकेच्या पानावर, ओटीपी, आणि मग बँक पोस्ट करून ग्राहकाला परत दुकानाच्या पानावर पाठवते. त्या परतीच्या पोस्टबरोबर दुकानाची सेशन कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी) लॅक्समध्ये जात नाही. पैसे कापले गेले आणि साइट म्हणते लॉगिन करा.

हे आधीच ओळखून क्रोमने एक तात्पुरती सवलत ठेवली होती: कुकी दोन मिनिटांपेक्षा ताजी असेल तर अशा पोस्टबरोबर जाऊ द्यायची. ओटीपी लवकर आला तर काम होतं, उशीर झाला तर नाही. त्यामुळे तक्रार कधी येते, कधी येत नाही, आणि कारण शोधणं कठीण. सवलत ठेवलीत तर ती कधी लागू पडते ते ग्राहकाच्या बाजूलाही दिसू द्या.

बदल टप्प्याटप्प्याने, थोड्या थोड्या लोकांना लागू होत होता. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे तो मागे घेतला, अत्यावश्यक सेवांच्या साइट त्या काळात बिघडू नयेत म्हणून, आणि जुलैमध्ये पुन्हा सुरू केला. ब्राउझर दुरून आपोआप मागे फिरवता येतो. दादरकर, तुमचा प्रोग्राम सोसायटीच्या मशीनवर बसलेला. मागे फिरायची सोय आतच असायला हवी: नियमसंच वाढवण्याआधी त्या क्षणाची प्रत काढा, आणि एका बटणावर परत जाता येऊ द्या, निदान पहिलं बिल निघेपर्यंत.

---

माहीमची_खाडी

वांद्रेकरांचं मागे फिरण्याबद्दलचं अगदी पटलं. दुसरी बाजूही नोंदवते, कारण कधीच न बदलण्याची किंमतही लोक मोजत असतात.

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फॉरेन की तपासणी (एका टेबलातली नोंद दुसऱ्यातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते ना, हे बघणं) आजही डिफॉल्टने बंद आहे, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून. प्रत्येक कनेक्शन उघडताना ती चालू करावी लागते. अब्जावधी फोनांमध्ये असलेल्या डेटाबेसला तो निर्णय शोभतो. पण दर वर्षी नव्याने शिकणारा प्रत्येक जण तिथे एकदा ठेचकाळतो.

आपल्या मराठीचं बघा. जावा भाषेतला प्रोग्राम विंडोजवर चालवला की अक्षरसंच यंत्राच्या भाषेवरून ठरायचा. इंग्रजी विंडोजवर फाइलमध्ये मराठी नावं लिहिली की प्रश्नचिन्हांची रांग. मायएसक्यूएलमध्ये ८.० पर्यंत डिफॉल्ट लॅटिन१ (युरोपी अक्षरांपुरता संच) होतं, तिथेही तेच. माहीत असलेल्याने सेटिंग बदललं, ज्याला माहीत नव्हतं त्याच्याकडच्या याद्यांमध्ये सभासदांची नावं गेली ती गेलीच, प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. जावा १८ मध्ये, मार्च २०२२ ला, यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारा अक्षरसंच) सगळीकडे डिफॉल्ट झालं. जुन्या वागणुकीसाठी एक स्विच ठेवला, आणि आधीच्या आवृत्त्यांवर यूटीएफ-८ लावून आपला प्रोग्राम आधीच तपासून बघा, असं सांगितलं. एवढी वर्षं डिफॉल्ट जुनं राहिल्याने ज्यांचं नुकसान झालं त्यांनी तक्रार केली नाही, कारण त्यांना कारणच कळलं नाही. मोडलेल्या अपग्रेडची तक्रार लगेच येते. म्हणून तक्रारींच्या संख्येवरून हा निर्णय घेऊ नका.

---

दादरकर_पूर्व

खूप मिळालं. आज टीमची बैठक झाली, ठरलं ते लिहितो.

कुर्ला_रात्रपाळी, तुमचा मुद्दा मानला. रिकामा पासवर्ड नियमसंचाच्या बाहेर काढलाय. तो कुणासाठीही जपून ठेवणार नाही. पण अपग्रेडच्या क्षणी अडवणार नाही, कारण त्या क्षणी समोर मुलुंडकरांसारखा माणूस असतो आणि त्याने टाकलेला पासवर्ड नंतर कुणालाच ठाऊक नसतो. अपग्रेडनंतर सचिव किंवा खजिनदार यांच्या नोंदवलेल्या मोबाईलवर कळवायचं, तारीख द्यायची, आणि त्या तारखेनंतर पासवर्ड ठेवल्याशिवाय प्रोग्राम उघडणार नाही. बॅकअपचंही तसंच. नवी जागा सगळ्यांसाठी लगेच सुरू, जुन्या जागेवरचा बॅकअपही काही काळ चालू, त्यामुळे कुणाचं काही जात नाही.

आकड्यांना हात लावणारं सगळं नियमसंचात. क्रमांक डेटाच्या आत, बॅकअपबरोबर जाणारा. क्रमांक नसलेला डेटा आला तर पहिला संच. प्रत्येक संचाला लागू होण्याची तारीख, आणि बिल ज्या तारखेचं त्या तारखेचा संच, म्हणजे पुन्हा छापलं तरी तेच आकडे.

संच कधी वाढवायचा ते आम्ही ठरवणार नाही, कमिटी ठरवेल. त्यासाठी एक तुलनापत्रक करतोय: मागच्या महिन्याची सगळी बिलं दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी शेजारी, ज्या फ्लॅटचा आकडा बदलतो तो ठळक, खाली एकूण फरक. खरी नोंद काहीच बदलत नाही. हे कागदावर काढून सभेत ठेवता येईल, ठराव होईल, आणि ठरावाचा क्रमांक व तारीख टाकल्याशिवाय संच बदलणार नाही. सभासदाने विचारलं तर दाखवायला ठराव असेल, ताईंनी म्हटलं तसा.

---

कुर्ला_रात्रपाळी

पासवर्डचं समाधानकारक. ती तारीख मात्र पुढे ढकलायची सोय ठेवू नका, आणि मेसेज एकदाच पाठवून थांबू नका. गिट या कोड सांभाळायच्या साधनाने पुश करण्याचं (आपले बदल सर्व्हरवर पाठवण्याचं) डिफॉल्ट बदलताना २०१२ पासून दर वेळी पडद्यावर सूचना दाखवली आणि २.० मध्ये, मे २०१४ ला, बदल केला. वापरणाऱ्याने सेटिंग स्वतः लिहिलं की सूचना बंद. दीड वर्ष रोज समोर दिसलेली गोष्ट कुणाला अचानक वाटत नाही.

---

पवई_जुना

एक प्रश्न. जे कधीच ठराव करणार नाहीत त्यांचं काय? पहिला संच किती वर्षं सांभाळणार? याचं उत्तर आत्ताच, जाहीर करून ठेवा. नंतर सांगितलंत तर तो पुन्हा धक्काच.

---

दादरकर_पूर्व

@पवई_जुना, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. जुन्या बिलांसाठी पहिला संच कायम राहणार, कारण जुनं बिल पुन्हा छापता यायलाच हवं. म्हणजे तो कोड काढता येणारच नाही. मग नवी बिलं त्याच पद्धतीने काढू देण्यात आमचा वेगळा खर्च फारसा नाही. म्हणून सक्ती नाही. मात्र नव्या सोयी, उदाहरणार्थ सभासदांना दिवसागणिक व्याजाचा तपशील, या नव्या संचावरच मिळतील. हे आवृत्तीच्या माहितीपत्रकात आणि वार्षिक करारात दोन्हीकडे मराठीत लिहितोय.

---

गिरगाव_खातेवही

तुलनापत्रकाची कल्पना फार आवडली. हे मिळालं तर मी स्वतः माझ्या सगळ्या कमिट्यांसमोर ठेवीन, कारण दिवसांवरचं व्याज खरोखर न्याय्य आहे. एक दिवस उशीर झालेल्या निवृत्त माणसाला पूर्ण महिन्याचं व्याज लावताना मलाही बरं वाटत नाही.

एक विनंती. पत्रकात फ्लॅटचा क्रम माणसांसारखा लावा. सध्या ए-१, ए-१०, ए-११ आणि मग ए-२ येतो. सभेत पत्रक फिरतं तेव्हा लोकांना आपला फ्लॅट सापडत नाही.

---

दादरकर_पूर्व

ताई, तुलनापत्रकात तो क्रम नीट लावून देतो, ते नवीनच आहे. बिलांच्या यादीत मात्र तो दुसऱ्या नियमसंचात जाईल. बिल क्रमांक त्याच क्रमाने पडतात, त्यामुळे वर्षाच्या मध्येच बदलला तर सप्टेंबरपर्यंत ए-२ ला चौथा क्रमांक आणि ऑक्टोबरपासून दुसरा, असं होईल. ज्या सोसायट्या ठराव करतील त्यांच्याकडे तो पुढच्या १ एप्रिलच्या पहिल्या बिलापासून लागेल. चाचणीसाठी तुमच्या एखाद्या सोसायटीचा डेटा, नावं आणि नंबर काढून, मिळाला तर तुलनापत्रक आधी त्यावर चालवून दाखवतो. व्यक्तिगत निरोपात कळवा.